शिक्का कापू नका

आमच्या शिंदखेडा तालुक्यात एखादा जुना वाडा पाडायला निघाला की दोघांना निरोप जातो. एक रद्दीवाल्याला आणि दुसरा मला. मी प्राथमिक शाळेत गुरुजी होतो, मोडी वाचतो आणि जुन्या कागदांसाठी ऊन-पाऊस बघत नाही, हे आता पंचक्रोशीत ठाऊक झाले आहे. रद्दीवाला माझ्याआधी पोचू नये, एवढी एकच धडपड असते.

पेटी उघडली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "गुरुजी, ह्याच्यावर राजाची सही आहे का?" सही असली तर कागद मोलाचा, नसली तर बंबात घालायचा, असा हिशोब प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणून सहीपासूनच सुरुवात करतो.

आपले मराठी राजे आजच्यासारखी नावाची सही करत नसत. मजकूर कारकून लिहायचा, चिटणीस तपासायचा आणि धन्याची मान्यता शिक्क्याने उमटायची. आज्ञापत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे लहान मोर्तबाचा शिक्का. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यांच्या पत्राच्या शेवटी उमटलेले ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब फार थोड्यांनी नीट पाहिलेले असते. पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी एक अक्षर वाढवले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा व्यवहारातला उपयोग. महाराजांची पत्रे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या स्वतःच्या हातचे म्हणून निर्विवाद मान्य झालेले एकही पत्र आपल्यापाशी नाही. संभाजी महाराजांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कुडाळच्या बाकरेशास्त्रींना दिलेले १६८० सालचे संस्कृत दानपत्र आहे. त्याच्या माथ्यावर, खाली लिहिलेले आपल्याला मान्य आहे, अशा अर्थाची ओळ खुद्द महाराजांच्या अक्षरात आहे. पेशव्यांच्या काही पत्रांत मजकूर कारकुनाच्या घोटीव वळणाचा असतो आणि शेवटचे एखादे वाक्य वेगळ्या, घाईच्या हातचे. तो हात यजमानांचा. मोडीची नजर बसली की हा बदल लांबूनही ओळखू येतो.

आणि अहिल्याबाई. खानदेशात होळकरांचा अंमल होता, त्यामुळे त्यांच्या नावाचे कागद आमच्याकडच्या घरांतून सांगितले जातात. राज्य शंकराचे, आपण कारभार पाहणाऱ्या, हा त्यांचा भाव. म्हणून त्यांच्या आज्ञापत्रांवर सहीच्या जागी ‘श्री शंकर’ येते. राजाराण्यांच्या सह्या जमवणाऱ्या एखाद्या परदेशी माणसापुढे हा कागद ठेवला तर तो राणीचे नाव शोधत बसेल.

आता त्या कागदाबद्दल सांगतो, ज्याच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला.

बुराईकाठच्या एका गावात मातीची जाड भिंत असलेले पाटलांचे घर. मुले सुरतेला कामाला, घरात आजी एकट्या. त्यांनी धान्याच्या कोठीमागून पत्र्याची पेटी ओढून काढली. आत मांजरपाटाच्या फडक्यात बांधलेला रुमाल. दप्तरखान्यात कागदांच्या गाठोड्याला रुमालच म्हणतात. वेखंडाचे तुकडे आणि वाळून भुगा झालेला कडुनिंबाचा पाला अजून आत होता. कोण्या पूर्वजाने कसर लागू नये म्हणून ठेवलेला. सगळ्यात वर एक लांब पट्टीसारखा कागद, सुरळी केलेला. मी तो हलक्या हाताने उलगडला. माथ्यावर, जिथे मुद्रा असायला हवी तिथे, आगपेटीएवढे चौकोनी भोक. कडा सरळ. कात्रीने कापलेले.

"गुरुजी, हाई काय लिखेल शे?" आजींनी विचारले. मी भोकाकडेच बघतोय हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्या म्हणाल्या, "शिक्का कापी लई गया तो." कधीतरी शहरातून एक गृहस्थ मोटारीने आले होते, जुने शिक्के जमवत होते. पाचशेची नोट ठेवून तेवढा तुकडा घेऊन गेले. बाकीचा कागद "तुमच्याजवळ राहू द्या" म्हणाले.

त्या बाकीच्या कागदावर काय होते ते ऐका. घरात त्याला पिढ्यान् पिढ्या ‘मल्हारबाचा कागद’ म्हणत. जमीन इनाम दिल्याचा मजकूर. सालाचा उल्लेख ‘सलास सितैन मया व अलफ’ असा. हा सुहूर सन. आकडे अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने: सलास म्हणजे तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११६३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६२ येते. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. म्हणजे कागद १७६२-६३ चा. पानिपत होऊन दोन पावसाळे झालेले, पुण्यात तरुण माधवराव पेशवे, आणि मल्हारराव होळकर हयात, कारण ते वारले १७६६ मध्ये. घरातली आठवण आणि कागदाचे साल जुळते. पण दिला कोणी, हे सांगणारी मुद्रा त्या चौकोनी भोकात गेली. मल्हाररावांचा शिक्का असता तर त्यात म्हाळसाकांताच्या चरणी तत्पर असलेल्या खंडोजीच्या पुत्राचे नाव वाचता आले असते. आता मी ‘असावा’ म्हणू शकतो, ‘आहे’ म्हणू शकत नाही. आणि ज्यांच्या फडताळात तो तुकडा पडला आहे त्यांनाही आपला शिक्का कोणत्या गावच्या कोणत्या जमिनीवर उमटला होता हे कधी कळणार नाही. एका कात्रीने दोन्ही वस्तू मुक्या झाल्या.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच. राजाचा शिक्का हा कागदाचा दागिना नाही, तो कागदाचा अवयव आहे. आणि एकटा कागदसुद्धा पुरेसा नसतो. तो ज्या रुमालात होता, ज्या घरात होता, त्यासकट जपावा लागतो.

त्याच सुरळीत पुढे काय दिसले पहा. कागद एका तावाचा नव्हता, तीन तुकडे खळीने जोडून लांबवलेले होते. जिथे जोड होता तिथे पाठीमागे लहान शिक्का असा मारलेला की त्याचा अर्धा भाग एका तुकड्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर. मधला तुकडा काढून कोणी दुसरा घातला तर शिक्क्याच्या रेघा जुळणार नाहीत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने फसवणुकीला घातलेला हा बांध. पाठीमागचे शिक्के पुसट होते, तरी तिन्ही तुकडे मूळचे आहेत एवढे त्यांनी मला खात्रीने सांगितले. मागच्या बाजूला कोणी बघतच नाही. पत्र असेल तर ते केव्हा पोचले याची ‘पैवस्ती’ची नोंद पुष्कळदा तिथे किंवा कडेला सापडते. लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख मिळाली की जासूद किती दिवस वाटेत होता ते निघते, आणि लढाईच्या दिवसांत त्या चार-सहा दिवसांवर फौजांचे नशीब ठरलेले असते. चौकटीत घालून भिंतीवर टांगलेल्या पत्राची ही बाजू कायमची झाकली जाते.

त्याच रुमालात एक महजर होता. भाऊबंदांचा तंटा, गोतसभा बसलेली, निवाड्याला साक्षी. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी ‘दस्तुर खुद्द’ लिहून नाव घातलेले. ज्यांना येत नव्हते त्यांच्या नावापुढे निशाणी: कुणब्याचा नांगर, सुताराचे किकरे, कुंभाराचे चाक. बोटभर उंचीची चित्रे, पण प्रत्येक नांगर निराळा. एकाचा फाळ लांब, एकाची रुमणी वाकडी. मी राजांचे शिक्के पाहिले आहेत, पण ज्या हाताने दिवसभर औत धरले त्याच हाताने बोरू धरून काढलेला नांगर पाहताना माझा जीव जसा भरून येतो तसा दुसऱ्या कशाने येत नाही. शिक्के जमवणारे गृहस्थ हा कागद न उलगडता तसाच टाकून गेले होते.

कागद घरासकट जपण्याचे हे शहाणपण मी कुठून शिकलो, तर धुळ्याहून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटी धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. त्यांच्यामागे धुळ्यात त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, त्यात भास्कर वामन भट यांचा वाटा मोठा. मंडळाचे ग्रंथालय आणि वस्तुसंग्रह आजही आमच्यासारख्यांचे तीर्थ आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ ची, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे. पुढे खंड बावीसपर्यंत गेले. ते गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यावर चढले, मिनतवाऱ्या केल्या, अपमान गिळले. एवढे करून त्यांनी जमवले ते छापून सगळ्यांचे केले. त्यांच्या काही खंडांचे नावच ‘शिवकालीन घराणी’ असे आहे. कोणते पत्र कोणत्या घराण्याचे, हा धागा त्यांनी तुटू दिला नाही. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले तेही याच ओढीने: कागद सार्वजनिक जागी यावेत आणि चार जणांनी मिळून तपासावेत.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी तर पटवर्धनांच्या एकाच घराण्याचे दप्तर हाती घेतले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत राहिले. मास्तरकीच्या पगारात हा उद्योग. त्यात एकेका पत्रात थोर काही नसते. रसद आली नाही, बैल मेले, पावसाने तंबू भिजले. पण लागोपाठ वाचत गेले की मोहीम डोळ्यांपुढे चालू लागते. त्यातली फक्त माधवरावांची किंवा नाना फडणिसांची पत्रे वेचून कोणी संग्रह केला असता तर आपल्या हाती दहा-वीस मोठी नावे आली असती आणि मोहीम हरवली असती.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना सगळे नानासाहेब देव म्हणत, त्यांनी रामदासी मठांतून बाडे जमवली. डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी जगापुढे आणली. समर्थांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले म्हणून जपलेले वाल्मीकी रामायण या मंदिरात आहे. राजाची सही शोधत येणाऱ्या तरुणांना मी आधी तिकडे पाठवतो. एका माणसाने अख्खे रामायण स्वतः उतरवून काढले तर त्याच्या अक्षरात किती सातत्य असते, ते बघा म्हणतो. त्यानंतर पुढ्यातला कागद खरा की खोटा हे विचारा.

कारण खोटे कागद पुष्कळ आहेत, आणि ते आजचे नाहीत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. थाळनेरचा किल्ला त्याच वर्षी रक्तपात होऊन पडला आणि कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला येऊन बसला. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले: इनाम खाता तर सनद दाखवा. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या किंवा जळल्या होत्या त्यांच्यापुढे अंधार. मग कोणी लेखणीबहाद्दर गाठून नवी ‘जुनी’ सनद करून घेतली. मी त्यांना सरसकट लबाड म्हणणार नाही; खरा हक्क वाचवण्यासाठीही खोटा कागद झालेला असू शकतो. पण वाचणाऱ्याने ओळखला पाहिजे. सुहूर सन आणि शक यांचा मेळ बसतो का? नसेल तर शंका घ्या. कागद उजेडापुढे धरा. आमच्याकडे एरंडोल आणि यावलला हातकागद होत असे. हातकागदात चाळणीच्या काड्यांच्या रेघा आणि लगद्याच्या गुठळ्या दिसतात. विलायती कागदात पाणचिन्ह दिसते, कधी त्यात सालही असते. माधवरावांच्या नावचा कागद आणि उजेडात १८४० चे पाणचिन्ह, असे निघाले की पुढे वाचायची गरज नाही. कडा कापून ‘साफ’ केलेल्या किंवा पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदात यातले निम्मे पुरावे नाहीसे होतात.

आमच्या गावाच्या नावाचा एक घोळ वेगळाच. जुन्या कागदांत ‘सिंदखेड’ आले की विकणारा ताबडतोब जिजाऊंचे नाव घेतो. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा, ते बुलढाण्यात. आमचे शिंदखेडे तापीच्या खोऱ्यातले. परगणा कोणता लिहिला आहे, शेजारची गावे कोणती, हे वाचल्याशिवाय निर्णय होत नाही. आणि खानदेशाच्या कागदांत थर अनेक. फारुकी सुलतान, १६०१ मध्ये असीरगड घेऊन आलेला अकबर, मग निजाम, पेशवे, होळकर, शेवटी कंपनी. एकाच पेटीत फार्सी सनद, मोडी ताळेबंद आणि इंग्रजी शिक्क्याचा कागद एकावर एक असतात. तो क्रमच त्या घराचा इतिहास असतो.

कात्रीचा रोग आपल्याच लोकांना लागला असे नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात थोरामोठ्यांच्या सह्या पत्रांतून कापून वहीत डकवण्याची हौस घरोघर होती. आज तिकडचे जाणते संग्राहक अशा कापलेल्या सहीला पत्रापुढे फार कमी मोल देतात. स्कॉटलंडची राणी मेरी हिने शिरच्छेदाच्या काही तास आधी, ८ फेब्रुवारी १५८७ च्या मध्यरात्रीनंतर, फ्रान्सच्या राजाला पत्र लिहिले. तेव्हा पाकिटे नव्हती. अशा पत्राच्या समासातून कागदाची बारीक पट्टी कापून तीच पत्रातून ओवून कुलूप करत. उघडले की ते फाटणारच. मेरीचे पत्र असे ओवून बंद केलेले होते, हे अभ्यासकांना पटले ते त्या कागदावरच्या लहान चिरांवरून आणि घड्यांवरून. कोणी तो कागद सुबक दिसावा म्हणून कडा छाटल्या असत्या तर मरणाच्या दारात बसून आपले पत्र कुलूपबंद करणारे ते हात आपल्याला दिसले नसते.

आपल्याकडे संस्थानांच्या स्टॅम्पपेपरचे माथे कापून विकतात, खालचा मजकूर टाकतात. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात असे तुकडे मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी पोटात कालवले आहे. विकत घेणाऱ्याने मागणे बंद केले तर कापणाऱ्याची कात्री थांबेल, म्हणून संग्राहकांना हात जोडून सांगतो: तुकडा घेऊ नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर तो पुरावशेष ठरतो. खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही आणि परवान्यावाचून त्याचा धंदा करता येत नाही. घरचा कागद घरात ठेवायला मात्र कोणाची आडकाठी नाही, हेही सांगतो. नाहीतर घाबरून लोक पेटी चुलीत रिकामी करतात.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. ज्या पेट्यांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्या उघडल्या गेल्या. लोक मोबाइलमध्ये फोटो काढून माझ्याकडे येऊ लागले. राजाच्या सहीबद्दल त्या दिवसांत कोणी विचारले नाही. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द वाचून दाखवा, एवढेच मागणे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत, कागदांची संख्या कोटींत जाते. गो. स. सरदेसायांनी १९३० पासून त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी तो समुद्रातला तांब्या. उरलेले वाचायला माणसे हवीत. पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते. आमच्या तालुक्यातली दोन मुले शिकून आली आहेत. त्यांतली एक मुलगी माझ्यापेक्षा वेगाने वाचते.

तुमच्या घरी पेटी असेल तर हे करा. रुमाल सोडताना वरून खाली क्रम कसा होता त्याचे फोटो काढा. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, कोऱ्या बाजूचेसुद्धा. फाटले असेल तिथे चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन शाई खातो. लॅमिनेशन तर करूच नका, ते काढताना कागद संपतो. इस्त्री नको, टाचणी नको, प्लास्टिकची पिशवी नको. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका, धुवट सुती कापडात बांधा आणि जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवा. सांभाळणे झेपत नसेल तर राजवाडे मंडळासारख्या संस्थेशी बोला, पण द्याल तेव्हा अख्खा रुमाल द्या आणि कोणाच्या घरचा ते लिहून द्या.

त्या आजींच्या रुमालाचे मी असेच केले आहे. फोटो काढले, मोडीचे बाळबोध करून वहीत उतरवले, वही त्यांच्या सुरतेच्या नातवाकडे दिली. सुरळीच्या लखोट्यावर गावाचे नाव, घराण्याचे नाव, सुहूर सन आणि ‘मुद्रा कापलेली, माप दीड इंच गुणिले दोन इंच’ अशी नोंद आहे. माप मुद्दाम लिहिले. तो तुकडा कधी कुठल्या संग्रहात निघाला, तर कडा जुळवून पाहता येतील. शिंदखेड्याच्या बाजूचा, दीड बाय दोनचा, सरळ कडांचा शिक्का कोणाकडे असेल तर त्यांनी तो धुळ्याच्या राजवाडे मंडळात आणून द्यावा; नाव विचारणार नाही.